तरुण खेळाडूंच्या मेंदूला बसणारा हादरा आणि त्याच्या वस्तुनिष्ठ मापनाची साधने : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शालेय व महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांत खेळाडूचा गुडघा मुरगळला किंवा खांदा निखळला, तर ती दुखापत सर्वांना दिसते. डोक्याला मार लागला आणि रक्त आले नाही, तर मात्र तोंडावर पाण्याचा हबका मारून, दोन मिनिटे बसवून त्याला पुन्हा मैदानात पाठविले जाते. नांदेड जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जळकोटसारख्या डोंगरी तालुक्यात कुस्ती, कबड्डी आणि खो-खो हे तरुणांचे प्रमुख खेळ आहेत. धोबीपछाडीत मानेवर व डोक्यावर आदळणे, चढाई करणाऱ्याच्या घोट्याकडे झेपावताना पकड करणाऱ्याचे डोके समोरच्या गुडघ्यावर आपटणे, खो-खोत खांबाचा मार बसणे हे प्रसंग या खेळांच्या स्वरूपातच आहेत. ज्या जिल्ह्याने १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेतील सुवर्णपदक विजेते हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा मल्ल दिला, त्या जिल्ह्यात हा विषय परका मानण्याचे कारण नाही.

अशा आघातानंतर मेंदूच्या कार्यात तात्पुरता बिघाड होतो, त्यास वैद्यकशास्त्रात 'कन्कशन' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जोराने हलविणे असा आहे. त्यामुळे मराठीतील 'हादरा' हा शब्द त्यास नेमका जुळतो. हा हादरा मोजता कसा येतो, मोजण्याची साधने कोणत्या क्रमाने निर्माण झाली आणि भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील, क्रीडाजीवनात त्यांचा प्रवेश केव्हा झाला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. ही साधने विकसित होण्याचा इतिहास म्हणजे खेळाडूच्या 'मी बरा आहे' या शब्दावरचा विश्वास हळूहळू काढून घेण्याचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. साधन कितीही चांगले असले तरी खेळाडूला थांबविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न साधनाने सुटत नाही, हेही या इतिहासातून दिसते.

मापनापूर्वीचा काळ :

लोकभाषेला या दुखापतीची ओळख फार जुनी आहे. डोळ्यांपुढे काजवे चमकणे, घेरी येणे, डोके बधिर होणे, कानात घुंई घुंई होणे हे सारे वाक्प्रचार लक्षणांची यादीच होत. पाश्चात्त्य जगातही असेच घडले. १९२८ साली अमेरिकेतील न्यू जर्सीचे विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर होणाऱ्या दीर्घकालीन परिणामांविषयी निबंध लिहिला, तेव्हा त्याचे शीर्षक त्यांनी मुष्टियुद्धाच्या रिंगणातील बोलीतूनच उचलले होते. ठोसे खाऊन झिंगलेला माणूस प्रेक्षकांना ओळखू येत होता. डॉक्टरांनी त्याची दखल नंतर घेतली.

परंतु ओळखणे आणि मोजणे यांत अंतर आहे. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत वैद्यकीय निर्णय मुख्यतः दोन बाबींवर अवलंबून असे : शुद्ध हरपली काय आणि किती वेळ, आणि मागचे किती आठवत नाही. बहुसंख्य क्रीडाविषयक हादऱ्यांत शुद्ध हरपतच नाही, हे आज निर्विवाद आहे. म्हणजे ज्या खुणेवर सर्वांची भिस्त होती, ती खूण बहुतेक रुग्णांत नव्हतीच.

दोन भारतीय घटना :

मार्च १९६२ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असलेल्या भारतीय संघाचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बार्बाडोस येथे चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला. कवटीस इजा होऊन तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वेळी रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांच्यासमवेत पॉली उम्रीगर, नाशिकचे बापू नाडकर्णी आणि पुण्याचे चंदू बोर्डे हे होते. काँट्रॅक्टर वाचले, पुढे प्रथमश्रेणी क्रिकेटही खेळले. कसोटी मात्र त्यांना पुन्हा खेळता आली नाही. ही घटना भारतीय क्रीडास्मृतीत खोल रुजली आहे. तथापि तिने एक गैरसमजही रुजविला असावा : डोक्याची दुखापत म्हणजे कवटी फुटणे, शस्त्रक्रिया आणि रक्त. ज्यात यांपैकी काहीच नाही ती दुखापत मग दुखापतच ठरत नाही.

दुसरी घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. जानेवारी १९८१ मध्ये सिडनी कसोटीत मुंबईचे चोवीस वर्षांचे संदीप पाटील ६५ धावांवर खेळत असताना लेन पॅस्को यांचा उसळता चेंडू त्यांच्या कानाजवळ आदळला. पाटील यांनी हेल्मेट घातलेले नव्हते. ते कोसळले आणि त्यांना मैदान सोडावे लागले. तो सामना तीनच दिवसांत संपला. त्यातच दुसऱ्या डावात पाटील पुन्हा फलंदाजीस उतरले. तीन आठवड्यांनी ॲडलेड येथील पुढच्या कसोटीत त्यांनी हेल्मेट घालून १७४ धावा केल्या. त्या खेळीचे वर्णन मराठी वृत्तपत्रांच्या आणि क्रीडाप्रेमींच्या पिढ्यांनी धैर्याची गाथा म्हणून केले आहे, आणि ते धैर्य होतेच. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र वेगळा प्रश्न विचारला पाहिजे. सिडनीच्या त्या सामन्यात पाटील दुसऱ्यांदा मैदानात गेले तेव्हा त्यांची स्मरणशक्ती, तोल, लक्ष एकाग्र करण्याची क्षमता तपासण्यासाठी सामन्याच्या नियमांनी कोणती कसोटी बंधनकारक केली होती ? कोणतीही नाही. मैदानावर वापरता येईल असे सर्वमान्य साधन त्या काळी क्रिकेटच्या हाती नव्हते आणि फलंदाजाला रोखण्याची नियमात तरतूदही नव्हती. ॲडलेडच्या १७४ धावांनी सिडनीचा निर्णय योग्य ठरतो, असे आपण नकळत मानतो. हा तर्क सदोष आहे.

फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात जवळच्या क्षेत्ररक्षणासाठी हेल्मेटविना उभे राहिलेले रमण लांबा डोक्यावर चेंडू लागल्यानंतर स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. काही वेळाने त्यांची प्रकृती ढासळली आणि तीन दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांची दुखापत ही केवळ हादरा नव्हती, मेंदूतील रक्तस्राव होता. पण खेळाडू चालत बाहेर गेला, बोलला, म्हणजे धोका टळला, या समजुतीला यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही.

साधनांची जडणघडण :

१९७४ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ग्लासगोचे ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी शुद्धीचे मापन करणारी श्रेणी प्रसिद्ध केली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देऊन ३ ते १५ असा आकडा काढणारी ही श्रेणी आज जगभरच्या रुग्णालयांत वापरली जाते. अतिदक्षता विभागासाठी ती अमोल आहे; हादरा बसलेल्या खेळाडूसाठी जवळजवळ निरुपयोगी. कारण असा खेळाडू बहुधा १५ पैकी १५ गुण मिळवितो. ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर हा पूर्ण गुणांक लिहिला गेला की नातेवाईक आणि वस्ताद निश्चिंत होतात. सी.टी. स्कॅनचेही असेच आहे. हादऱ्यात स्कॅन सामान्यतः निर्दोष येतो, कारण बिघाड रचनेत नसून कार्यात असतो. स्कॅनचे काम रक्तस्राव आणि अस्थिभंग शोधणे हे आहे. 'स्कॅन नॉर्मल' या शब्दांनी हादरा नसल्याचे सिद्ध होत नाही.

त्याच वर्षी न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या डोरोथी ग्रॉनवॉल आणि फिलिप राइटसन यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. ग्रॉनवॉल यांची चाचणी दिसायला अगदी साधी होती. ध्वनिफितीवर ठरावीक अंतराने एकेक अंक ऐकू येई आणि प्रत्येक अंक आधीच्या अंकात मिळवून उत्तर सांगावयाचे असे. अंतर हळूहळू कमी केले जाई. बाह्यतः पूर्ण बरे दिसणारे, सर्व प्रश्नांना नीट उत्तरे देणारे तरुण या बेरजेत अडखळत. पुढच्याच वर्षी या संशोधकद्वयाने दाखवून दिले की, दुसऱ्यांदा हादरा बसलेले रुग्ण पहिल्यांदा बसलेल्यांपेक्षा सावकाश सावरतात. प्रस्तुत लेखकाच्या मते आधुनिक मापनाचा खरा आरंभ येथे आहे. 'बरे वाटणे' आणि 'बरे होणे' या दोन गोष्टी आकड्यांच्या साहाय्याने प्रथमच वेगळ्या झाल्या.

तथापि एक अडचण उरली होती. अडखळणारा तरुण मुळातच गणितात कच्चा असेल तर ? याचे उत्तर १९८० च्या दशकात व्हर्जिनिया विद्यापीठातील जेफ्री बार्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. त्यांनी महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉल खेळाडूंची चाचणी हंगाम सुरू होण्यापूर्वीच घेतली आणि दुखापतीनंतरचे गुण त्याच खेळाडूच्या पूर्वीच्या गुणांशी ताडून पाहिले. या पूर्वमापनाच्या कल्पनेने प्रत्येक खेळाडू स्वतःचाच मापदंड ठरला. मैदान हीच प्रयोगशाळा झाली आणि महाविद्यालय हे तिचे नैसर्गिक स्थान ठरले, ही बाब आपणां प्राध्यापकांना विचारार्ह वाटावी.

यानंतर साधने वेगाने आली. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातील डेव्हिड मॅडॉक्स यांनी दाखविले की नाव, वार, वर्ष विचारण्यापेक्षा 'आपण कोणत्या मैदानावर आहोत, शेवटचा गोल कोणी केला, मागचा सामना कोणाशी झाला, तो आपण जिंकलो काय' असे प्रश्न हादरा अधिक अचूक पकडतात. जुनी माहिती शाबूत राहते, ताजी स्मृती आधी निसटते. १९९७ मध्ये मायकेल मॅक्रे व सहकाऱ्यांनी मैदानाच्या कडेलाच पाच-सात मिनिटांत घेता येणारी ३० गुणांची चाचणी तयार केली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तोल मोजण्याची पद्धत बसविण्यात आली : डोळे मिटून, हात कमरेवर ठेवून, तीन प्रकारे उभे राहणे, प्रत्येकी २० सेकंद, प्रथम कठीण जमिनीवर आणि मग फोमच्या गादीवर, प्रत्येक चूक मोजावयाची. संगणकावरील चाचण्याही याच सुमारास आल्या. त्यांपैकी पिट्सबर्ग येथे विकसित झालेल्या एका चाचणीस २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली.

२००१ मध्ये व्हिएन्ना येथे तज्ज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. २००४ च्या प्राग परिषदेतून ही विखुरलेली साधने एकत्र करणारे 'स्कॅट' हे साधन निघाले आणि पुढे झ्युरिक (२००८ व २०१२), बर्लिन (२०१६) व ॲमस्टरडॅम (२०२२) अशा परिषदांतून त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली सहावी आवृत्ती तेरा वर्षे व त्यावरील खेळाडूंसाठी आहे. आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे. मुलाचा मेंदू वाढत असतो, लक्षणे सांगण्याची त्याची भाषाही अपुरी असते, आणि सावरण्यास त्याला प्रौढांपेक्षा अधिक काळ लागू शकतो, म्हणून हा भेद केला आहे. पूर्वीच्या आवृत्त्यांत पाच शब्दांची यादी लक्षात ठेवावयाची असे. हादरा बसलेले अनेकजणही ते पाच शब्द सांगू शकत, म्हणून आता दहा शब्दांची यादी आहे. वर्षाचे महिने उलट्या क्रमाने म्हणण्याला आता वेळही लावली जाते. ही चाचणी पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक उपयुक्त असते, तिला किमान दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि केवळ तिच्या गुणांवरून निदान करू नये, असे साधनकर्त्यांनीच बजावले आहे.

रक्ततपासणीविषयी बराच गाजावाजा झाला आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत दोन प्रथिनांवर आधारित रक्तचाचणीस मान्यता मिळाली. परंतु ती प्रौढांसाठी होती आणि सी.टी. स्कॅनची गरज आहे काय एवढेच ठरविण्यासाठी होती. अशा चाचणीने शाळकरी मुलाचा हादरा ओळखता येतो, असे म्हणणे चुकीचे ठरेल.

'वस्तुनिष्ठ' या शब्दाची मर्यादा :

येथे थोडे थांबून विचार करणे आवश्यक आहे. 'स्कॅट'मध्ये बावीस लक्षणांची यादी आहे. डोकेदुखी, मळमळ, उजेड सहन न होणे, चिडचिड अशा प्रत्येक लक्षणास खेळाडूने स्वतः शून्य ते सहा गुण द्यावयाचे असतात. म्हणजे वस्तुनिष्ठ म्हणविणाऱ्या साधनाचा मोठा आधार आजही खेळाडूचे स्वकथन हाच आहे. आणि खेळाडूस खोटे बोलण्याची कारणे असतात. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि यात्रेतील कुस्तीच्या इनामावर एखाद्या घरचा महिन्याचा खर्च अवलंबून असू शकतो. उपान्त्य फेरीत डोके गरगरते असे सांगणारा मुलगा प्रमाणपत्र गमावतो. पूर्वमापनातही फसवणूक शक्य आहे : हंगामापूर्वी मुद्दाम कमी गुण मिळवून ठेवले की दुखापतीनंतरची घट दिसत नाही. संशोधकांना ही युक्ती चांगली परिचित आहे.

साधन प्रामाणिकपणे वापरले तरी चकवा देऊ शकते. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चर यांचा चेंडू स्टीव्ह स्मिथ यांच्या मानेवर आदळला. त्यांची तपासणी झाली, ते उत्तीर्ण झाले आणि पाऊण तासाने पुन्हा फलंदाजीस आले. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणे प्रकट झाली. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने १ ऑगस्ट २०१९ पासूनच बदली खेळाडूचा नियम लागू केला होता. त्यानुसार मार्नस लाबुशेन हे कसोटी इतिहासातील पहिले असे बदली खेळाडू ठरले. आज उत्तीर्ण आणि उद्या अनुत्तीर्ण, हा या दुखापतीचा स्वभाव असल्याने एकदाच केलेले मापन अपुरे ठरते.

अधिकाराचा प्रश्न :

ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट हा तेरा वर्षांचा विद्यार्थी डोक्याला मार लागूनही त्याच सामन्यात पुन्हा खेळला आणि सामन्यानंतर कोसळला. तो वाचला, पण गंभीर अपंगत्वासह. २००९ मध्ये त्याच्या नावाने झालेल्या कायद्यान्वये संशयित हादरा बसलेल्या अल्पवयीन खेळाडूस त्या दिवशी मैदानाबाहेर काढणे आणि परवानाधारक वैद्यकीय व्यक्तीच्या लेखी संमतीविना परत न घेणे बंधनकारक झाले. पुढील पाच वर्षांत अमेरिकेच्या सर्व राज्यांत या स्वरूपाचे कायदे झाले. या कायद्याने कोणतेही नवे साधन आणले नाही. त्याने केवळ निर्णयाचा अधिकार खेळाडू, प्रशिक्षक आणि पालक यांच्याकडून काढून घेतला.

३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळील गहुंजे येथील भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामना या संदर्भात आठवण्याजोगा आहे. भारताच्या डावाच्या शेवटच्या षटकात जेमी ओव्हरटन यांचा चेंडू मुंबईचे शिवम दुबे यांच्या हेल्मेटवर लागला. डाव संपल्यावर त्यांच्या जागी हर्षित राणा आले, त्यांनी तीन बळी घेतले आणि भारत जिंकला. त्यानंतर कित्येक दिवस चर्चा झाली ती फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या जागी शुद्ध वेगवान गोलंदाज देणे 'समतुल्य' ठरते काय, याची. दुबे यांच्या डोक्याविषयी फारसे कोणी बोलले नाही. १९८१ चे सिडनी आणि २०२५ चे पुणे यांच्यामध्ये नियम आले, तपासणी आली, संघाचा डॉक्टर आणि सामनाधिकारी यांना अधिकार मिळाला. प्रेक्षकांचे आणि बऱ्याच अंशी वृत्तपत्रांचे लक्ष मात्र धावफलकावरून हलले नाही.

जळकोट परिसरातील तालमी व मैदाने :

आपल्याकडील यात्रेच्या फडात डॉक्टर क्वचितच असतो. निर्णय असतो तो वस्तादाचा, पंचाचा आणि यात्रा समितीचा. संगणकीय चाचणी किंवा रक्तपरीक्षा येथे आणणे नजीकच्या काळात शक्य नाही आणि, वर पाहिल्याप्रमाणे, आवश्यकही नाही. डॉक्टर नसलेल्या व्यक्तींसाठी तयार केलेले एक पानी ओळखपत्रक २०१३ पासून उपलब्ध आहे आणि २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली आहे. त्यात निदान नाही; संशय आला तर खेळाडूला बाहेर काढा, एकटे सोडू नका, आणि वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, फिट, अंगात अशक्तपणा, शुद्ध हरपत जाणे यांपैकी काही दिसल्यास तत्काळ रुग्णालयात न्या, एवढेच सांगितले आहे.

महाविद्यालयांच्या हाती मात्र याहून अधिक आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी संघ निवडतानाच प्रत्येक कबड्डीपटू व मल्लाचे पूर्वमापन करता येईल. त्यासाठी कागद, घड्याळ आणि फोमचा तुकडा लागतो. अडचण येते ती भाषेची. महिने उलट्या क्रमाने विचारताना डिसेंबर-नोव्हेंबर म्हणावयाचे की फाल्गुन-माघ ? शाळेत शिकलेल्या मुलाला पहिला क्रम पाठ असतो, दुसरा त्याच्या आजोबांना. चुकीचा क्रम विचारला तर निरोगी मुलगाही नापास होईल. लमाण तांड्यावरील विद्यार्थ्याची घरची भाषा गोरबोली असते, सीमेलगतच्या काहींची तेलुगू किंवा कन्नड. त्यांच्याकडून मराठी शब्दयादीचे तेच गुण अपेक्षिता येणार नाहीत. मॅडॉक्स यांचे 'हा कितवा अर्ध' किंवा 'मागच्या आठवड्यात कोणाशी खेळलास' हे प्रश्न कबड्डीला चालतात, यात्रेतील कुस्तीला अर्ध नसतो आणि मागचा आठवडाही नसतो. 'तुझ्याआधी कोणाची कुस्ती लागली, निकाली झाली की बरोबरीत सुटली' असा प्रश्न तेथे अधिक स्वाभाविक. चैत्रातील यात्रांच्या उन्हात, कधी उपवासाच्या पोटी लढणाऱ्या मल्लाला डोकेदुखी आणि घेरी मार न लागताही येऊ शकते. कुस्तीनंतर लगेच तोल तपासला तर थकवाच मोजला जाईल. त्यासाठी निदान पंधरा मिनिटे सावलीत विश्रांती द्यावी लागेल.

'स्कॅट'च्या मजकुरात परस्पर बदल करता येत नाही, त्यास मूळ प्रकाशकांची अनुमती लागते. परंतु स्थानिक शब्दयादीवर आपल्याकडील निरोगी विद्यार्थ्यांना किती गुण पडतात, मुलामुलींत फरक पडतो काय, घरची भाषा वेगळी असल्यास किती पडतो, ही मूलभूत माहिती गोळा करण्यास कोणाची अनुमती अडत नाही, महाविद्यालयाच्या नीतिविषयक समितीची आणि विद्यार्थ्यांची संमती तेवढी हवी. मराठीचा प्राध्यापक शब्द निवडील : दोन-तीन अक्षरी, नित्याचे, एकमेकांशी संबंध नसलेले. मानसशास्त्राचा प्राध्यापक चाचणी घेईल, संख्याशास्त्राचा गुण तपासील आणि शारीरिक शिक्षण संचालक ते खेळाडूच्या नोंदवहीत जपून ठेवील. स्पर्धेच्या दिवशी त्या नोंदवहीच्या आधारे खेळाडूला बाहेर बसविण्याचा लेखी अधिकार संचालकाकडे असावा, आणि बाहेर बसलेल्या खेळाडूचा सहभाग प्रमाणपत्रासाठी धरला जावा, असा ठराव महाविद्यालयाच्या जिमखाना समितीला करता येईल.